जुन्या मोटारींचे स्टिअरिंग कव्हर

'''स्टिअरिंग कव्हर''' हे मोटारीच्या स्टिअरिंग चाकाच्या कड्यावर चढवले जाणारे चामडे, रेक्झिन, कापड किंवा रबर यांचे आवरण होय. चाकावरील पकड सुधारणे, हाताला उष्णता व घाम यांचा त्रास होऊ न देणे आणि मूळ चाकाची झीज रोखणे हे त्याचे प्रमुख उपयोग आहेत. आधुनिक मोटारीत ते बहुधा सजावटीची वस्तू ठरते. फियाट, अ‍ॅम्बॅसिडर, स्टँडर्ड हेराल्ड, जीप यांसारख्या जुन्या वाहनांत मात्र त्याचा थेट संबंध सुरक्षिततेशी येतो. अशा वाहनांना सहसा पॉवर स्टिअरिंग नसते, चाकाचा व्यास मोठा व कडे बारीक असते आणि वळण घेताना चालकाला हाताचा पुरेसा जोर लावावा लागतो. जोर लावतेवेळी आवरण कड्यावरून सरकल्यास हात फिरतो, पण चाक तितके फिरत नाही. घाटरस्त्यांच्या आणि अतिवृष्टीच्या प्रदेशात, उदाहरणार्थ पुणे जिल्ह्यातील मावळ तालुका व लोणावळा परिसरात, हा धोका अधिक गंभीर ठरतो.

== नामकरण ==

मराठीत या वस्तूसाठी 'स्टिअरिंग कव्हर' हाच शब्द सर्वत्र रूढ आहे. स्टिअरिंगला 'सुकाणू' किंवा 'सुकाणू चक्र' असे प्रतिशब्द सुचवले जातात. तथापि दुकानात व कार्यशाळेत ते वापरले जात नाहीत. या लेखात चाकाच्या बाहेरील वर्तुळाकार भागास 'कडे', मध्यभागास कड्याशी जोडणाऱ्या पट्ट्यांस 'आरे' आणि मोटारीच्या आसनांचे शिवणकाम करणाऱ्या कारागिरास व्यवहारातील 'कुशनवाला' हा शब्द योजला आहे.

== पार्श्वभूमी ==

=== चाकाच्या घडणीतील बदल ===

सुरुवातीच्या मोटारींमध्ये स्टिअरिंगच्या चाकाचे कडे लाकडी असे. पुढे पोलादी सांगाड्यावर कडक रबर आणि नंतर बेकलाइट व सेल्युलोजपासून बनवलेली प्लास्टिके चढवण्याची पद्धत आली. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या शर्यतींच्या मोटारींत पकड मिळावी म्हणून कड्यावर घट्ट दोरी गुंडाळली जाई. हे आजच्या आवरणाचे एक जुने रूप मानता येते. मऊ फोमचे व जाड कड्याचे चाक हे त्यामानाने अलीकडचे आहे.

कडक प्लास्टिक काळानुसार आकसते. आतील पोलादी सांगाडा मात्र आकसत नाही. त्यामुळे जुन्या चाकांवर, विशेषतः आरे कड्याला मिळतात त्या ठिकाणी, भेगा पडतात. भेगेतून पाणी शिरल्यास पोलाद गंजते, गंजामुळे फुगते आणि भेग आणखी रुंदावते. जुन्या मोटारींचे मालक आवरणाचा विचार करू लागतात, त्यामागे पुष्कळदा याच भेगा असतात.

=== भारतातील जुन्या मोटारी ===

महाराष्ट्रात जुन्या मोटारींचा मोठा वाटा प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कंपनीच्या गाड्यांचा आहे. वालचंद हिराचंद यांच्या उद्योगसमूहाने १९४४ मध्ये स्थापन केलेल्या या कंपनीच्या मुंबईतील कुर्ला येथील कारखान्यात फियाट ११०० तयार होऊ लागली. १९६४ पासून मिळू लागलेल्या या श्रेणीतील 'डिलाइट' या गाडीचेच पुढे 'प्रीमियर प्रेसिडेंट' आणि मग 'प्रीमियर पद्मिनी' असे नामांतर झाले. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीची ओळख हीच गाडी होती. टॅक्सी म्हणून तिची सेवा ऑक्टोबर २०२३ अखेर संपली. खाजगी मालकांकडे मात्र अनेक गाड्या आजही चालू स्थितीत आहेत. हिंदुस्थान मोटर्सची अ‍ॅम्बॅसिडर पश्चिम बंगालमधील उत्तरपाडा येथे १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून २०१४ पर्यंत तयार होत होती. मद्रास येथील स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स या कंपनीची हेराल्ड आणि महिंद्र कंपनीची जीप ही या काळातील अन्य परिचित वाहने होत.

पद्मिनी व जुनी अ‍ॅम्बॅसिडर या दोन्ही गाड्यांत गिअरचा दांडा जमिनीवर नसून स्टिअरिंगच्या खांबावर, चालकाच्या डाव्या हाताला असतो. चालकाची बोटे कड्यावरून दांड्यावर आणि दांड्यावरून पुन्हा कड्यावर सतत ये-जा करतात. त्यामुळे या गाड्यांसाठी फार जाड किंवा केसाळ आवरण सोयीचे ठरत नाही.

== उपयोग व मर्यादा ==

बारीक कडे दीर्घकाळ धरून ठेवल्यास बोटांना रग लागते. कड्याची जाडी थोडी वाढली की तळहाताचा अधिक भाग टेकतो आणि तेवढाच जोर कमी श्रमात लावता येतो. उन्हात उभ्या केलेल्या गाडीचे काळे कडे तापून हाताला चटके बसतात. तेही आवरणामुळे टळते. अंगठ्यांतील धातू, नखे व घाम यांमुळे मूळ रंगाची होणारी झीज थांबते.

आवरणाने चाकाची ताकद मात्र वाढत नाही. आतील पोलादी सांगाडा सैल झालेला असेल, आऱ्याचा जोड तुटला असेल किंवा चाक दांड्यावर डुगडुगत असेल, तर आवरण चढवणे म्हणजे दोष नजरेआड करणे होय. असे चाक प्रथम दुरुस्त करावे किंवा बदलावे लागते. केवळ प्लास्टिकला पडलेल्या भेगा कानशीने खोलगट करून, गंज काढून, त्यांत इपॉक्सीचे मिश्रण भरता येते. ते वाळल्यावर पॉलिश कागदाने घासून कडे सपाट करतात व रंगवतात. आवरण चढवायचे ते यानंतर.

== मापे ==

आवरण निवडताना दोन मापे आवश्यक असतात: चाकाचा बाहेरील व्यास आणि कड्याची जाडी. पुष्कळदा केवळ पहिलेच माप घेतले जाते, आणि आवरण सरकण्याचे ते एक प्रमुख कारण असते.

* '''बाहेरील व्यास:''' शिंप्याची टेप कड्याच्या बाहेरून पूर्ण फिरवून परिघ मोजावा व त्यास ३.१४ ने भागावे. परिघ १२६ सेंमी आल्यास व्यास सुमारे ४० सेंमी होतो.
* '''कड्याची जाडी:''' टेप कड्याभोवती, म्हणजे मुठीत येणाऱ्या भागाभोवती, गुंडाळून मोजावी. हा घेर ७ सेंमी असल्यास कडे सुमारे २२ मिमी जाड असते. त्यावर ३ मिमी जाडीचे आवरण चढल्यास जाडी २८ मिमी आणि घेर सुमारे ९ सेंमी होतो.
* '''हॉर्नच्या कड्यापर्यंतचे अंतर:''' अनेक जुन्या चाकांना हॉर्न वाजवण्यासाठी आतल्या बाजूस धातूचे पूर्ण किंवा अर्धवर्तुळाकार कडे असते. मुख्य कडे व हे कडे यांच्यामध्ये आवरण चढल्यानंतरही बोट सहज गेले पाहिजे.
* '''आऱ्यांची संख्या व रुंदी:''' शिवून बसवायच्या आवरणात आऱ्यांच्या जागी शिवण थांबते; म्हणून त्यांच्या जागा कागदावर उतरवून घेतात.

बाजारात तयार मिळणारी मोटारींची आवरणे प्रामुख्याने ३७ ते ३८ सेंमी व्यासाच्या आधुनिक चाकांसाठी असतात. त्याहून मोठ्या मापांची आवरणे बहुधा ट्रक-बससाठी असून त्यांचा आतील पोकळ भाग जाड कड्याच्या हिशेबाने केलेला असतो. पॉवर स्टिअरिंग नसलेल्या जुन्या मोटारीचे चाक व्यासाने मोठे पण कड्याने बारीक असल्यामुळे ते या दोहोंच्या मध्ये पडते. मोटारीचे आवरण चढत नाही आणि ट्रकचे आवरण कड्यावर सैल राहते. या कारणामुळे जुन्या मोटारींच्या बाबतीत मापानुसार शिवून घेतलेले आवरण अधिक योग्य समजले जाते.

== साहित्य ==

=== चामडे ===

अस्सल चामडे घाम शोषते, थंडीत व उन्हात सारखेच सुसह्य राहते आणि वापराने हाताला बसते. आवरणासाठी साधारण १ ते १.३ मिमी जाडीचे मऊ चामडे पुरेसे असते. चप्पल-बुटांसाठीचे जाड चामडे बारीक कड्यावर नीट वळत नाही व त्याला सुरकुत्या पडतात. गुळगुळीत चकाकी दिलेल्या चामड्यापेक्षा निस्तेज पृष्ठभागाच्या चामड्यावर पकड चांगली मिळते. दमट हवेत बुरशी येणे हा चामड्याचा मुख्य दोष होय.

=== रेक्झिन ===

कापडावर पीव्हीसीचा थर देऊन बनवलेले रेक्झिन स्वस्त, धुण्यास सोपे व पाण्याने न बिघडणारे असते. तथापि घाम शोषण्याचा गुण त्यात नाही. त्यामुळे ओल्या हाताखाली ते निसरडे होते. पीव्हीसी मऊ राहावे म्हणून त्यात मिसळलेली द्रव्ये कालांतराने बाहेर झिरपतात. रंगवलेल्या किंवा जुन्या प्लास्टिकच्या कड्यावर रेक्झिन वर्षानुवर्षे घट्ट बसून राहिल्यास मूळ पृष्ठभाग चिकट होऊ शकतो. ही हानी आवरण काढल्यावरच लक्षात येते.

=== कापड, दोरी व लोकरी आवरणे ===

सुती कापड किंवा सुती दोरी हवेशीर असते व पकडही बरी देते. पण ती लवकर मळते आणि ओली झाल्यास उशिरा वाळते. मखमल व लांब केसांची लोकरी आवरणे थंडीत उबदार वाटली, तरी ती हातात लोळतात. वळणदार रस्त्यांसाठी ती अयोग्य आहेत. ट्रकचालकांमध्ये प्लास्टिकच्या रंगीत पट्ट्या कड्यावर गुंडाळून नक्षी विणण्याची पद्धत आढळते. ही पट्टी घट्ट बसत असल्याने सरकत नाही, परंतु बारीक कड्यावर तिच्या कडा बोटांना टोचतात.

=== रबर व सिलिकोन ===

ताणून चढवायची रबरी आवरणे ओल्या हातालाही पकड देतात. मात्र त्यांच्या आत पाणी अडकल्यास ते बाहेर पडण्यास वाट राहत नाही. सेल्युलोजपासून बनवलेली जुनी प्लास्टिके जीर्ण होताना आम्ल बाहेर टाकतात. अशा कड्यावर हवाबंद आवरण घातल्यास हे आम्ल आतच राहून चाक अधिक वेगाने खराब होते. जवळ नाक नेल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास येणाऱ्या चाकावर कोणतेही घट्ट आवरण कायमचे ठेवू नये.

== बांधणीचे प्रकार ==

{| class="wikitable"
! प्रकार !! बसवण्याची रीत !! सरकण्याची शक्यता !! जुन्या मोटारीसाठी योग्यता
|-
| ताणून चढवायचे || तयार गोल आवरण कड्यावर ओढून बसवतात || माप चुकल्यास जास्त || अचूक माप मिळाले तरच
|-
| शिवून बसवायचे || पट्टी कड्याभोवती वळवून आतील बाजूस दोऱ्याने आवळतात || फार कमी || सर्वाधिक योग्य
|-
| गुंडाळायचे || पट्टी किंवा दोरी तिरकी, एकावर एक चढवत नेतात || टोके नीट बांधल्यास कमी || युद्धपूर्व मोटारींना शोभणारे
|-
| चिकटवायचे || गोंद लावून चामडे कायमचे बसवतात || जवळजवळ नाही || मूळ पृष्ठभाग खराब होत असल्याने टाळावे
|}

== मावळ व लोणावळा परिसरातील विचार ==

=== रस्ते ===

मुंबई व पुणे यांना जोडणाऱ्या बोरघाटातून चाकांच्या वाहनांसाठीचा रस्ता १८३० मध्ये, सर जॉन माल्कम हे मुंबईचे गव्हर्नर असताना, खुला झाला. कोकणातील खोपोलीपासून हा मार्ग खंडाळा-लोणावळ्याकडे चढतो. लोणावळ्याची समुद्रसपाटीपासूनची उंची ६०० मीटरांहून अधिक आहे. यशवंतराव चव्हाण मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण झाल्यावर वेगवान वाहतूक त्याकडे वळली. जुना मुंबई-पुणे रस्ता लोणावळा, कामशेत, वडगाव व तळेगाव दाभाडे असा मावळातून जातो. कमी वेगाच्या जुन्या मोटारींना तो अधिक मानवतो. याखेरीज लोणावळ्याहून भुशी धरणाच्या बाजूने सहारा-आंबवणेकडे जाणारा रस्ता आणि दुधिवरे खिंडीतून पवनानगरकडे उतरणारा रस्ता हेही चढ-उतारांचे व तीव्र वळणांचे आहेत.

अशा वळणांवर चालक चाक एका हाताने ओढतो व दुसऱ्या हातातून सरकू देतो. आवरणाकडून म्हणूनच दोन परस्परविरोधी अपेक्षा असतात: तळहाताखालून कडे मोकळेपणाने सरकावे, पण आवरण कड्यावर तसूभरही हलू नये. शिवून बसवलेले निस्तेज चामडे या दोन्ही अपेक्षा पुऱ्या करते. चिकट रबरी आवरण पहिली अपेक्षा पुरी करत नाही, तर सैल रेक्झिन दुसरी. घाट उतरताना गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवली जाते व गिअरचा दांडा खांबावर असल्यास डावा हात वारंवार चाक सोडतो. त्या क्षणी सगळा जोर उजव्या हातावर येतो. आवरण सरकण्याचा दोष सपाट रस्त्यावर कित्येक दिवस लपून राहतो आणि नेमका अशा वेळी उघड होतो.

=== हवामान ===

लोणावळ्यात वर्षाला सरासरी ४,००० मिमीहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातील बहुतांश जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येतो. मावळात पश्चिमेकडून पूर्वेकडे जाताना पावसाचे प्रमाण झपाट्याने कमी होते. तळेगावच्या बाजूस ठेवलेल्या गाडीला जे आवरण चालते, तेच खंडाळ्यात पावसाळ्यात बुरशीने भरू शकते. घाटमाथ्यावर आठवडेच्या आठवडे धुके व ओल असते. या भागात मुंबई-पुण्याच्या रहिवाशांची सुट्टीतील घरे पुष्कळ आहेत. अशा घराच्या बंद गॅरेजमध्ये पावसाळाभर उभी राहिलेली गाडी आतून दमट होते. चामड्यावर पांढरट-हिरवट बुरशी येते, शिवणीचा सुती दोरा कुजतो आणि आवरणाखाली साठलेली ओल भेगांतून सांगाड्यापर्यंत पोहोचते.

यामुळे या परिसरात पुढील निवड सोयीची ठरते:

* गाडी वर्षभर नियमित चालत असल्यास मापाने शिवलेले चामड्याचे आवरण; शिवणीसाठी मेण लावलेला पॉलिस्टर किंवा नायलॉनचा दोरा.
* गाडी पावसाळ्यात उभी राहत असल्यास मे महिन्याच्या अखेरीस काढून कोरड्या जागी ठेवता येईल असे, दोरा उसवून पुन्हा बांधता येण्याजोगे आवरण.
* मूळ चाक उत्तम स्थितीत असल्यास व गाडी क्वचितच बाहेर निघत असल्यास आवरणाविना वापर. उभ्या गाडीत चाकावर केवळ सुती कापड.

=== उपलब्धता ===

लोणावळा, वडगाव व तळेगाव येथील दुकानांत आधुनिक मोटारींची तयार आवरणे मिळतात. जुन्या गाडीचे माप शिवून देण्याचे काम आसनांचे काम करणारा कुशनवाला करू शकतो. पुण्यातील नाना पेठ ही वाहनांच्या सुट्या भागांची जुनी बाजारपेठ आहे. मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रस्ता मोटारींच्या साहित्यासाठी, चोर बाजार जुन्या सुट्या भागांसाठी आणि धारावी चामड्याच्या व्यवसायासाठी प्रसिद्ध आहे. कारागिराकडे जाताना गाडीच नेणे श्रेयस्कर असते. केवळ मापे सांगून शिवलेले आवरण आऱ्यांच्या जागी हमखास चुकते.

== बसवण्याची पद्धत ==

शिवून बसवायच्या आवरणाची पट्टी कड्याच्या परिघापेक्षा व घेरापेक्षा किंचित कमी ठेवतात. चामडे थोडे ताणले जात असल्याने ते आवळल्यावर कड्याला घट्ट चिकटते. दोन्ही कडा जवळ येतात, पण एकमेकींवर चढत नाहीत. किती कमी ठेवायचे हे चामड्याच्या ताणावर अवलंबून असल्यामुळे कारागीर आधी छोट्या तुकड्यावर अंदाज घेतात.

# कडे सौम्य साबणाच्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसून पूर्ण कोरडे करावे. स्पिरिट किंवा थिनर वापरल्यास जुने प्लास्टिक व रंग विरघळण्याचा संभव असतो.
# पट्टीचा जोड चाकाच्या तळाशी, आऱ्यामागे झाकला जाईल असा ठेवावा.
# पट्टी प्रथम चार ठिकाणी तात्पुरती बांधून सर्वत्र सारखी ताणली आहे याची खात्री करावी.
# शिवण कड्याच्या आतील बाजूस, चाकाच्या मध्याकडे तोंड करून घ्यावी. समोरच्या बाजूस आलेली शिवण तळहाताला घासते व दोरा लवकर झिजतो.
# दोन सुया वापरून प्रत्येक टाका आवळत जावे. दोऱ्याचे टोक गाठ मारून चामड्याखाली लपवावे. लोंबते टोक गिअर किंवा इंडिकेटरच्या दांड्यात अडकू शकते.

== चाचणी ==

आवरण बसवल्यावर गाडी रस्त्यावर काढण्यापूर्वी ते तपासले जाते. गाडी उभी असताना दोन्ही हातांनी कडे घट्ट धरून आवरण वर्तुळाच्या दिशेने दोन्हीकडे पिळावे. नंतर ते कड्याभोवती, म्हणजे मोटारसायकलच्या मुठीसारखे, फिरवून पाहावे. कोणत्याही दिशेने आवरण हलल्यास ते वापरण्यास अयोग्य समजावे. हीच चाचणी तळहात ओले करून पुन्हा करावी. त्यानंतर चाक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून हॉर्न, इंडिकेटर व गिअरचा दांडा यांना कोठे अडथळा होत नाही ना, हे पाहावे. शिवण काही आठवड्यांनी सैल होत असल्याने चाचणी पुन्हा करणे आणि पावसाळ्यापूर्वी व नंतर ती न चुकता करणे हितावह असते.

== निगा ==

ओल्या हातांनी गाडी चालवल्यानंतर आवरण कोरड्या फडक्याने पुसावे व काही वेळ खिडक्या उघड्या ठेवाव्यात. बुरशी आल्यास आवरण काढून मोकळ्या हवेत, सावलीत वाळवावे; कडक उन्हात चामडे ताठर होऊन तडकते. खोबरेल तेल किंवा बुटांचे पॉलिश लावण्याची सवय घातक आहे. त्यामुळे पृष्ठभाग निसरडा होतो आणि हात व कपडे डागाळतात. चामड्यासाठीचे मलम अगदी थोडे लावून पूर्ण पुसून घ्यावे. वर्षातून किमान एकदा आवरण उसवून खालील कडे तपासले, तर भेगा व गंज वेळीच लक्षात येतात.

== मूळपणा व नियम ==

जुन्या मोटारींच्या जतनात मूळ स्वरूपाला महत्त्व असते. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या 'फिवा' या जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२ मध्ये स्वीकारलेली ट्युरिन सनद अशा वाहनांच्या जतनाची तत्त्वे मांडते. मूळ वस्तूला धक्का न लावणारा व पुन्हा काढून टाकता येणारा बदल हा जतनाच्या दृष्टीने कमी आक्षेपार्ह ठरतो. शिवलेले आवरण या कसोटीस उतरते. चिकटवलेले उतरत नाही. प्रदर्शन किंवा फेरीच्या दिवशी आवरण काढून मूळ चाक दाखवता येते.

भारतात २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती होऊन विंटेज वाहनांच्या नोंदणीची स्वतंत्र तरतूद झाली. प्रथम नोंदणीपासून ५० वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या दुचाकी व चारचाकी वाहनांना ती लागू आहे. अशा वाहनाच्या क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे असतात आणि त्याचा वापर प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, फेरी, इंधन भरणे व देखभाल अशा मर्यादित कारणांसाठीच करता येतो. या व्याख्येत चासी, बाह्य सांगाडा व इंजिन यांतील मोठ्या बदलांचा उल्लेख आहे; काढता येणारे स्टिअरिंग कव्हर त्या स्वरूपाचा बदल नाही.

== हेही पहा ==

* प्रीमियर पद्मिनी
* हिंदुस्थान अ‍ॅम्बॅसिडर
* बोरघाट
* मावळ तालुका
* मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग